दुमडलेला कोपरा

या अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण निवृत्त झालेले असतात. माझी नोकरी जेमतेम पावणेतीन वर्षांची, आणि तीही पार्ट-टाइम. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम सुनीताताई पाहतात. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, सॉफ्टवेअरवाल्यांचे लेख ढिगाने आलेत. तू ते जुन्या कागदांचं काहीतरी करतोस ना, ते लिही. आणि फार लाजू नकोस." म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं. तसं मला मुख्यतः एका चुकीबद्दलच लिहायचं आहे.

मी इचलकरंजीचा. माझे वडील, अप्पा, पॉवरलूमवर कामगार होते; पुढे जॉबर झाले, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आधी जर्मनीला जायचं ठरलं होतं. त्यासाठी पुण्यात राहून दीड वर्ष जर्मन शिकलो. ते जमलं नाही, कॅनडाचं जमलं. वॉटर्लूला आलो तेव्हा वाटलं, जर्मन फुकट गेली. मग कळलं की शेजारच्या किचनरचं नावच एके काळी बर्लिन होतं, आणि तिथल्या कितीतरी घरांच्या बेसमेंटमध्ये आजोबा-पणजोबांचे जर्मन कागद पडून आहेत. ते कागद ज्या छोट्या दप्तरखान्यात येतात, तिथे जर्मन वाचू शकणारा माणूस हवा होता. बाकीचे मित्र कॉफीच्या दुकानात लागले, मी कागदांत लागलो.

आमचं काम काय, ते थोडक्यात सांगतो. लोक खोकी आणून देतात. आम्ही त्यातल्या गंजलेल्या टाचण्या काढतो, धूळ झटकतो, चुरगळलेले कागद सपाट करतो, साध्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये ठेवतो, यादी करतो, मग स्कॅन करतो. सगळं पेन्सिलने, पेन आत न्यायचं नाही. लोक विचारतात, पांढरे हातमोजे घालता का? नाही घालत. हातमोज्याने बोटांना कागद कळत नाही आणि तो फाटतो. हात धुवायचे, कोरडे करायचे, बस.

माझी बॉस लिंडा. साठीची आहे, बुटकी, आवाज मोठा. पहिल्याच दिवशी मी पान उलटताना बोटाला थुंकी लावली. इचलकरंजीत सगळे लावतात, मास्तर लावतात, तलाठी लावतो. लिंडा इतक्या जोरात ओरडली की मला वाटलं आग लागली. दुसऱ्या दिवशी जमिनीवर ठेवलेल्या खोक्याला माझा पाय लागला. मी वाकून हात लावला आणि कपाळाला नेला. लिंडा घाबरून म्हणाली, "पाठीत उसण भरली का?" मी समजावून सांगितलं, तर थोडा वेळ विचार करून म्हणाली, "हे चालेल. हे करत जा."

गिऱ्हाइकंही एकेक येतात. एक गृहस्थ आपल्या घराचा इतिहास शोधायला आले होते. त्यांना खात्री होती की तिथे कुणीतरी मोठा माणूस राहून गेला असणार. तीन आठवड्यांनी आम्हाला नकाशा सापडला. त्यांच्या घराच्या जागी कोंबड्यांची शेड होती. "मोठी शेड होती का, तेवढं तरी सांगा," म्हणाले. एक बाई आजीची पाककृतींची वही घेऊन आल्या. ग्रेव्हीचे डाग पाहून मी ब्रश हातात घेतला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "डाग राहू दे. डागांवरूनच कळतं कुठला पदार्थ जास्त व्हायचा." तेव्हा मी हसलो होतो. ती बाई मला शहाणं करत होती, हे उशिरा लक्षात आलं.

आता ओटोची खोकी.

ओटो हे जर्मनीतल्या एका पोलादाच्या गावातले कामगार पुढारी. मूळचे लेथवर काम करणारे. हुकूमशाही आली, युनियनची कचेरी बंद झाली आणि ओटोंना तुरुंगात टाकलं. सुटून आले तेव्हा कारखान्यात कुणी घेईना, म्हणून युद्ध संपेपर्यंत सायकली दुरुस्त केल्या. युद्धानंतर गावात अर्ध्या घरांना छप्पर नव्हतं. एका शाळेत, मुलांनी कोट टांगायच्या खोलीत बसून त्यांनी युनियन पुन्हा सुरू केली. मग लोकांनी त्यांना नगरपालिकेत पाठवलं, तिथून प्रांताच्या विधानसभेत. आमच्याकडे युनियनच्या जुन्या पुढाऱ्यांना अण्णा म्हणतात, त्यामुळे मी मनात त्यांना ओटोअण्णाच म्हणू लागलो.

त्यांचे कागद जर्मनीत मुलाकडे होते. मुलगा वारला आणि सात खोकी किचनरला मुलीकडे आली. मुलगी म्हणजे इंगे. वय चौऱ्याऐंशी. त्याच सुमारास तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिच्या सुनेने खोकी परस्पर आमच्याकडे पोचवली. "आई बरी झाली की येईल, तिला त्यातलं काहीतरी एक बघायचं आहे," एवढंच सून म्हणाली. काय ते तिलाही माहीत नव्हतं.

दोन खोक्यांत नुसत्या चिठ्ठ्या होत्या. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या, युद्धानंतरच्या हलक्या, पिवळ्या पडलेल्या कागदाच्या. प्रत्येकीवर चारच ओळी: नाव, पत्ता, काम, आणि खाली ओटोंची आद्याक्षरं. चारशे बारा चिठ्ठ्या. बऱ्याच चिठ्ठ्यांचा वरचा उजवा कोपरा दुमडलेला होता.

दुमडलेला कोपरा दिसला की सरळ करायचा, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण. दुमडीवर कागद तुटतो. त्यासाठी हाडाची एक गुळगुळीत चपटी पट्टी असते. ती हलक्या हाताने फिरवायची आणि वर वजन ठेवायचं. मी चार दुपारी बसून सगळे कोपरे सरळ केले. कानात गाणी होती. लिंडा येऊन बघून गेली, म्हणाली, "सुंदर काम." त्या दिवशी एलआरटीने, म्हणजे इथल्या ट्रामने, घरी जाताना मी अप्पांना तसा व्हॉइस मेसेजही पाठवला होता.

तीन आठवड्यांनी इंगे आली. वॉकर ढकलत, तोंडात पेपरमिंट, अंगात जांभळा कोट. मी "मिसेस" म्हणायला लागलो तर म्हणाली, "इंगे म्हण." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ अजून तयार होत नाही. तोंडाने इंगे म्हणायचो, मनात आजी.

लिंडा त्या दिवशी सुटीवर होती. मी इंगेला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं जर्मन ऐकून तिला मजा वाटली. "पुस्तकासारखं बोलतोस," म्हणाली. मग तिने वडिलांच्या शनिवारची गोष्ट सांगितली.

दर शनिवारी सकाळी ओटो त्या कोटांच्या खोलीत बसत. आमदार झाले तरी तिथेच. बाहेर बाकांवर रांग. कुणाला कोळसा हवा, कुणाच्या जिन्यात दिवा नाही, कुणाला फोरमन त्रास देतोय. ओटो मान वर न करता चिठ्ठी लिहीत आणि कोपरा दुमडून पेटीत टाकत. दुमडलेला कोपरा म्हणजे काम बाकी.

"आणि काम झालं की सरळ करायचे?" मी विचारलं.

"ते नाही करायचे," इंगे म्हणाली. "तीच तर गंमत. ज्याचं काम, त्याने परत यायचं आणि आपल्या अंगठ्याने कोपरा सरळ करायचा. नगरपालिकेचे साहेब चिडायचे, म्हणायचे, दिवा लावून दिलाय, संपलं ना! पप्पा म्हणायचे, जिन्यात उजेड पडला की नाही हे तुम्ही कोण सांगणार? जी बाई जिना चढते ती सांगेल."

मागच्या कपाटात चारशे बारा चिठ्ठ्या एकसारख्या सपाट पडल्या होत्या.

"माझीही एक चिठ्ठी आहे त्यात," ती म्हणाली.

इंगे एकोणीस वर्षांची असताना तिला एका सुताराबरोबर कॅनडाला यायचं होतं. एकवीस वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून वडिलांची सही लागणार होती. पण ओटो घरी असायचेच कधी? सभा, मोर्चे, विधानसभा. बोलायला वेळच मिळेना. शेवटी एका शनिवारी ती रांगेत जाऊन बसली. एका बाजूला कोळसेवाला, दुसऱ्या बाजूला रडणारं पोर घेतलेली बाई. दोन तासांनी नंबर आला.

"मान वर केली नाही त्यांनी. म्हणाले, नाव? मी सांगितलं. पेन थांबलं. मग लिहिलं. म्हणाले, पत्ता? मी म्हटलं, तुमचाच. तेही लिहिलं. काम? कॅनडाला जायचंय, सही हवी. लिहिलं, कोपरा दुमडला, आणि म्हणाले, पुढचा!"

ती हसली, मीही हसलो. "मग?"

"सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात लोण्याच्या भांड्याखाली सही केलेला कागद होता. बाकी तयारी आधीच झाली होती, आणि गुरुवारी माझं जहाज. पुढचा शनिवार आलाच नाही. नंतर त्यांची पत्रं यायची, हवेबद्दल, बागेतल्या बटाट्यांबद्दल. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मी सुखात राहिले इथे, पण त्यांच्यासमोर जाऊन 'झालं' म्हणून कोपरा सरळ करायचा राहून गेला. पेटी भावाकडे होती, त्याच्याकडे मागायला लाज वाटली." तिने उजवा हात टेबलावर ठेवला. "आता अंगठा थरथरतो. पण एवढं जमेल. आण ती चिठ्ठी."

मी खोटं बोललो. म्हणालो, यादी अजून पूर्ण नाही, शोधायला वेळ लागेल, पुढच्या आठवड्यात बघू. ती म्हणाली, "हरकत नाही, रांगेत बसायची मला सवय आहे." आणि वॉकर ढकलत गेली.

खरं तर कुणालाच कळलं नसतं. ती चिठ्ठी सपाट दिसली असती आणि इंगेला वाटलं असतं, वडिलांनीच सरळ केली. कदाचित तिला बरंही वाटलं असतं. दोन दिवस मी स्वतःला हेच समजावत होतो.

रविवारी अप्पांचा फोन आला. "काय रं आमल्या, आवाज का असा?"

"काय न्हाय अप्पा."

"काय न्हाय म्हंजे कायतरी हाय. सांग की."

मी सगळं सांगितलं. अप्पांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "लूमवर एक धागा तुटला आणि कामगारानं बघून न बघितल्यागत केलं, तर लूम थांबतोय व्हय? चालतोच की. पर त्या धाग्याची रेघ कापडात शेवटपर्यंत जाती. टेबलावर तपासायला घेतलं की दिसतीच."

"हितं कोण तपासणार अप्पा?"

"तू हाईस की." पुढे म्हणाले, "लूममधी माझं बोट गेलं तवा मी युनियनच्या हापिसात अर्ज दिलेला. तुला आठवत नसंल. त्येंनी काय केलं, न्हाय केलं, देव जाणे. पर परत बोलवून 'झालं का रं तुझं?' म्हणून कुणी इचारलं न्हाय. तुझा त्यो म्हातारा इचारायचा. आणि तू लेका त्येचं इचारलेलं पुसलंस. जा, सांग त्या म्हातारीला."

सोमवारी आधी लिंडाला सांगितलं. मला वाटलं नोकरी जाणार. तिने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "सुंदर काम असं मीच म्हणाले होते. म्हणजे चूक दोघांची. आता रडू नकोस, चिठ्ठ्या आण. कागद इतक्या लवकर विसरत नाही."

नुसत्या दुमडीच्या रेघेचा उपयोग नव्हता. रेघ सगळ्यांवरच होती, कारण प्रत्येक कोपरा एकदा तरी दुमडला गेलाच होता. लिंडाने एक चिठ्ठी खिडकीशी नेली आणि मला बोलावलं. हा हलका कागद हवेने पिवळा पडतो. जिथे कोपरा वर्षानुवर्षं दुमडलेला राहिला होता, तिथे त्याखालचा तुकडा झाकला गेला होता, आणि तेवढा एक छोटा त्रिकोण जरा फिका उरला होता. ज्यांचे कोपरे त्या काळीच माणसांनी येऊन सरळ केले होते, त्यांच्यावर असा त्रिकोण नव्हता.

पुढचे दोन आठवडे क्लास संपला की मी खिडकीशी बसायचो आणि एकेक चिठ्ठी तिरक्या उजेडात धरून बघायचो. हे काम मी गाणी न ऐकता केलं. वाचतही गेलो. 'जिन्यात दिवा नाही': त्रिकोण नाही, म्हणजे ती बाई येऊन गेली. 'लेथ विभागात बायकांच्या वॉशरूमचं दार लागत नाही': त्रिकोण नाही. 'भाऊ युद्धातून परतला नाही, पत्ता मिळेल का': त्रिकोण. एका चिठ्ठीवर काम असं होतं: 'नगरसेवक ओटो सभेत फार वेळ बोलतात.' ती तक्रारही त्यांनी आपल्याच हाताने लिहून घेतली होती आणि कोपरा दुमडला होता. सगळ्यात ठळक त्रिकोण तिच्यावर होता. लिंडा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

इंगेची चिठ्ठी दुसऱ्या खोक्यातली निघाली. त्रिकोण होता.

आमचा दप्तरखाना शनिवारी सकाळी उघडा असतो. मी फोन करून तिला शनिवारीच बोलावलं. तोच जांभळा कोट. ती बसायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं, कारण बसल्यावर धीर झाला नसता. कोपरे मी सरळ केले, तुमचाही मीच केला, आणि त्या दिवशी खोटं बोललो. पुस्तकी जर्मनमध्ये माफी मागितली. त्या भाषेत माफीची वाक्यं फार लांब असतात.

तिने पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं. "म्हणजे माझं काम तू माझ्याआधी करून टाकलंस."

"हो."

"आण."

मी चिठ्ठी समोर ठेवली. ती वाचायला तिने भिंग आणलं होतं. नावाच्या ओळीत इंगे. पत्त्याच्या ओळीत ओटोंनी 'घरी' असं लिहिलं होतं. कामाच्या ओळीत, 'कॅनडा. सही.' आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेले दोन शब्द होते. ते माझ्या नजरेतून सुटले नव्हते, पण मी तिला आधी सांगितले नव्हते. ते तिने स्वतः वाचायला हवे होते. 'सही दिली.'

तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग मी तिला खिडकीच्या उजेडात त्रिकोण दाखवला. म्हणालो, "सही दिल्यावरही त्यांनी कोपरा स्वतः सरळ केला नाही. शेवटपर्यंत दुमडलेलाच होता. माझ्या हातात येईपर्यंत."

"मुलगी असली तरी नियम तोच," ती म्हणाली. "हट्टी माणूस."

मग तिने चिठ्ठीचा कोपरा धरला आणि जुन्या रेघेवर दुमडायला लागली. जुना कागद दुमडणं म्हणजे आमच्याकडे पाप. मी लिंडाकडे पाहिलं. लिंडा उठून खिडकीशी गेली आणि पार्किंगमधल्या आपल्या गाडीकडे बघत म्हणाली, "दानपत्रावर अजून सही झालेली नाही. कागद तिचे आहेत. आणि मला आज विंटर टायरची काळजी आहे."

कोपरा दुमडला. नंतर तिने उजवा अंगठा त्यावर ठेवला. तो खरंच थरथरत होता, म्हणून तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सावकाश, एका बाजूने दुसरीकडे, कोपरा सरळ केला.

"झालं, पप्पा," ती म्हणाली. मग दानपत्र मागवलं आणि सही केली. पेन्सिलने नाही, त्या एका कागदाला आमच्याकडे पेन चालतं.

मला वाटलं संपलं. पण तिने लिंडाकडून एक कोरा कागद मागून घेतला, त्याचा निम्मा तुकडा केला, माझ्याकडे न बघता पेन्सिल उचलली.

"नाव?"

मी सांगितलं.

"पत्ता?"

मी वॉटर्लूचा पत्ता सांगायला लागलो, मग थांबलो आणि म्हणालो, "दोन आहेत." तिने दोन्ही लिहून घेतले. इचलकरंजीचं स्पेलिंग मला तीनदा सांगावं लागलं.

"काम?"

मी म्हणालो, "एकसष्ट चिठ्ठ्या अशा आहेत की त्रिकोण आहे की नाही ते कळत नाही. त्या माणसांची कामं झाली होती की राहिली होती, हे माझ्यामुळे आता कुणालाच सांगता येणार नाही."

तिने ते सगळं चार ओळींत बसवलं, खाली आपली आद्याक्षरं घातली, कोपरा दुमडला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. म्हणाली, "पुढचा!"

यादीत आता प्रत्येक चिठ्ठीपुढे मी लिहिलं आहे: आली तेव्हा दुमडलेली होती, नव्हती, किंवा माहीत नाही; सरळ करणाऱ्याचं नाव, माझं. लिंडा म्हणाली, नाव घालायची गरज नाही. मी घातलं. त्या गावातल्या लोकांची नातवंडं इथे किचनरमध्ये थोडीफार आहेत. इंगे चर्चमध्ये त्यांना विचारते, आणि अधूनमधून एखादा शनिवारी येऊन सांगतो की हो, आमच्या आजीला कोळसा मिळाला होता. एकसष्टाचे आता चोपन्न झाले आहेत.

इंगेने दिलेली चिठ्ठी माझ्या पाकिटात असते. अप्पा दर रविवारी विचारतात, "झालं का रं तुझं?" मी म्हणतो, अजून न्हाय.

कोपरा दुमडलेलाच आहे.